ताराबाईंचं अंगण

अंगणवाडी हा शब्द आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यातलं अंगण आपल्याला ऐकूच येत नाही. अंगणवाडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात खिचडीचं पातेलं, वजनकाटा, लसीकरणाचा दिवस आणि मानधनासाठी जिल्हा परिषदेवर मोर्चा नेणाऱ्या ताई. ही चित्रं खोटी नाहीत. पण हा शब्द ज्या कामातून आला, त्या कामात खरोखरीचं अंगण होतं. ते होतं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावच्या वस्तीतलं, झोपडीपुढचं. शिकलेली माणसं त्या अंगणात जाऊन बसली, कारण तिथली मुलं शाळेपर्यंत येत नव्हती. त्या माणसांच्या पुढे होत्या ताराबाई मोडक.

ताराबाईंची आठवण जयंती-पुण्यतिथीपुरती काढून भागणार नाही, याला कारण आहे. ज्या घरात नुकतं चालायला लागलेलं मूल आहे, त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एक वाद चालू असतो. आमच्या विश्रामबागेतल्या कुठल्याही इमारतीच्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहिलं तरी तो कानावर पडतो. मूल दाराकडे निघालं की आजी धावते. त्याने स्वयंपाकघरातला खण ओढला की आई त्याची बोटं सोडवते. बापाला वाटतं, पडेल तसं शिकेल. आजोबांना वाटतं, डोक्याला खोक पडली तर कोण निस्तरणार? दोघांनाही मुलाचं भलंच हवं असतं. मुलाला किती धरायचं आणि किती सोडायचं, हा तो वाद. ताराबाईंनी आयुष्याची पन्नास वर्षं, १९२३ पासून १९७३ पर्यंत, या वादाचा निकाल लावण्यात घातली. तो निकाल आजच्या आई-बापांनाही उपयोगी पडेल असा आहे, आणि तो त्यांच्या चरित्रातून जितका नीट कळतो तितका व्याख्यानातून कळत नाही.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. मुलीला शिकवावं की नाही, यावर त्या काळात घरोघर खल होत असे. केळकरांच्या घरात तो प्रश्न निकालात निघालेला होता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे त्यांचं लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालं. ते टिकलं नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या.

घटस्फोट हा शब्द आज आपण सहज उच्चारतो. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईसाठी माहेरचा एखादा कोपरा, एवढीच वाट असे. ताराबाई त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्यांनी काठेवाडात राजकोटला जाऊन तिथल्या शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाचं प्राचार्यपद घेतलं. मुलूख नवा, भाषा नवी, पदरात लहान मुलगी. अनोळखी जागी पहिलं पाऊल टाकताना पोटात काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्याच काठेवाडात, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत, गिजुभाई बधेका नावाचे एक वकील आपली वकिली गुंडाळून लहान मुलांत रमले होते. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला वाढवायचं कसं, या विचारात असताना इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरींचं काम त्यांच्या वाचनात आलं आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. झुबकेदार मिशांचा हा माणूस मुलांत इतका विरघळला, की लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले. ताराबाई १९२३ मध्ये तिथे आल्या आणि नऊ वर्षं राहिल्या. महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून चिमुरड्यांच्या शाळेत जाणं, हे जगाच्या हिशेबात वरची पायरी सोडून खाली उतरणं होतं. ताराबाईंना खाली उतरणंच हवं होतं. मुलाच्या उंचीला यायचं तर गुडघ्यावर यावंच लागतं.

मॉन्टेसरीबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो भागात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत, आपलं पहिलं बालगृह उघडलं होतं. त्यांनी तिथे काय केलं? मुलांना शिस्त लावायला बसण्याआधी त्यांनी खोली बदलली. मांडण्या मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर आणल्या. खुर्च्या इतक्या हलक्या केल्या की मुलाला त्या स्वतः उचलून नेता याव्यात. हात धुवायचं भांडं त्याच्या हाताला लागेल असं ठेवलं. मग मोठ्या माणसाला बाजूला बसवलं आणि पाहायला सांगितलं. भावनगरला हीच रीत होती. छडी नाही, ओरडणं नाही. पण सैल सोडलेला गोंधळही नाही. प्रत्येक वस्तूला जागा होती. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, एवढा नेम होता. बाकी काय घ्यायचं आणि किती वेळ करायचं, ते मुलाचं मूल ठरवी.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण समजतो की मोकळीक वाढली की धोका वाढतो आणि सुरक्षितता वाढली की मोकळीक कमी होते. तराजूची दोन पारडी. बालमंदिरातल्या खोलीने हे खोटं ठरवलं. मांडणी ठेंगणी केली, की मूल तिच्यावर चढत नाही. चढण्याचं कारणच उरत नाही. भांडं लहान केलं, की ते दोन हातांत मावतं आणि सांडत नाही. जागा आधीच निर्धोक केली, तर दिवसभर नको-नको म्हणण्याची पाळी येत नाही. म्हणजे मोकळीक आणि सुरक्षितता एकाच कामातून मिळतात. ते काम मोठ्या माणसाचं असतं आणि मूल यायच्या आधी करायचं असतं.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. या दोघांच्या कामाचं मुखपत्र म्हणजे शिक्षणपत्रिका. ती आधी गुजरातीत निघे. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीतही काढली आणि पुढे कितीतरी वर्षं चालवली. १९३२ मध्ये त्या भावनगर सोडून मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. सोबत शिक्षिका तयार करण्याचं काम होतंच. गिजुभाई १९३९ मध्ये गेले. त्याच वर्षी मॉन्टेसरीबाई भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. आता महाराष्ट्रात या विचाराचा भार ताराबाईंवर होता.

दादरचं मूल कसं होतं? मध्यमवर्गी, नोकरदार घरातलं. दोन खोल्यांत सहा-सात माणसं. खाली ट्रामचा रस्ता, वर गॅलरी. त्याला पोटभर दूध होतं, आजारी पडलं तर डॉक्टर होता, न्हाऊमाखू होतं. नव्हतं ते हातपाय हलवण्याचं स्वातंत्र्य. ते दिवसभर कुणाच्या तरी कडेवर असे. खाली उतरवलं की कुणाचं तरी बोट धरलेलं असे. त्याचा घास दुसरा भरवी, बटण दुसरा लावी, आणि शेवटी ते रडलं की हट्टी म्हणून त्याची ख्याती होई. ताराबाईंनी मुलांच्या हट्टावर विस्ताराने लिहिलं. आपणही आपल्या घरातला हट्ट जरा थांबून पाहावा. मूल चपलेत पाय घालायला दहा मिनिटं धडपडत असतं. आपल्याला घाई असते, आपण चप्पल सरकवून देतो, आणि ते जमिनीवर लोळण घेतं. आपल्याला वाटतं, मदत केली तरी रडतं! खरं तर त्याच्या हातातलं काम आपण काढून घेतलेलं असतं. हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला तर मोठं माणूसही चिडेल.

ताराबाई ज्या गोष्टी डोळ्यांनी पाहून सांगत होत्या, त्या पुढे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिल्या. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना पाहिली आणि त्यांची पावलं मोजली. मोकळं खेळणारं मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. तासाला सतरा! यातलं एकही पडणं आपण त्याच्या वाटणीचं वाचवू शकत नाही. मूल उभं राहून चालायला शिकतं ते पडून उठण्याच्या सरावातून. आपण एवढंच पाहू शकतो, की ते पडेल तिथे टेबलाचा टोकदार कोपरा नसावा.

दुसरा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. एक मोठं काचेचं टेबल. काचेखाली अर्ध्या भागात चौकड्यांचा पृष्ठभाग लगेच खाली, आणि अर्ध्या भागात तो फूटभर खोल गेलेला. काच भक्कम, पडण्याची भीती नाही. पण दिसताना पुढे पायरी खचल्यासारखी दिसते. १९८५ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात वर्षाच्या मुलांना एका टोकाला ठेवलं आणि आईला दुसऱ्या टोकाला उभं केलं. मूल कडेपाशी येई, थांबे, आणि आईच्या तोंडाकडे पाही. आईने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. ज्या १९ मुलांच्या आया हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, त्यांतली १४ मुलं काच ओलांडून गेली. ज्या १७ मुलांच्या आयांनी घाबरलेला चेहरा केला, त्यांतलं एकही गेलं नाही.

आता आपल्या घरात काय होतं ते आठवा. मूल सोफ्यावरून पाय खाली सोडून जमीन चाचपत असतं, आणि आपण किंचाळतो. त्याला आपले शब्द कळत नाहीत, चेहरा कळतो. जग ही भीतीची जागा आहे, एवढंच ते त्या चेहऱ्यावर वाचतं. आत्मविश्वास म्हणून आपण जे मुलाला मोठेपणी शिबिरात पाठवून द्यायला बघतो, त्याची पहिली ठेव वर्षाच्या वयातच आईच्या, बापाच्या, आजीच्या चेहऱ्यावर जमा होत असते.

शिशुविहार नावारूपाला आलं होतं. कुणीही इथे समाधान मानलं असतं. ताराबाईंनी मानलं नाही. शहरातल्या मुलांपुरतं हे शिक्षण राहिलं तर त्याचा देशाला काय उपयोग, हा प्रश्न त्यांना सुटू देईना. मॉन्टेसरी साहित्याचे लाकडी ठोकळे, मणी, मोजून-मापून केलेल्या पेट्या खेड्यात कोण विकत घेणार? १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. माझ्यासारखा बँकेतला माणूस त्या वयात प्रॉव्हिडंट फंडाची बेरीज करायला लागतो. बाईंनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत आल्या अनुताई वाघ. वय पस्तीस, मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या. या दोघींची जोडी पुढे अठ्ठावीस वर्षं टिकली.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना शाळा म्हणजे दुसऱ्यांची जागा. आई-बाप कामाला गेलेले, घरी थोरली बहीण, तिच्या कडेवर धाकटं. कोण त्यांना आंघोळ घालणार, कोण गावातून चालत आणणार? इतर कुणी मुलांची अनास्था, पालकांचं अज्ञान असा शेरा मारून वही मिटली असती. ताराबाईंनी भावनगरची रीत इथे लावली. मूल येत नसेल तर चूक जागेची आहे. मग शाळाच उठून मुलाच्या अंगणात गेली. केंद्रातली एक बालवाडी आणि वस्तीवस्तीतल्या अंगणात भरणाऱ्या बालवाड्या, अशी रचना झाली. त्या अंगण बालवाडीचीच पुढे अंगणवाडी झाली.

या बदलाचं मर्म लहान मुलाच्या बाजूने पाहिलं की उलगडतं. आपलं अंगण हे मुलाच्या ओळखीचं. कुंपण ओळखीचं, कोंबडी ओळखीची, दारात आजी बसलेली. तिथे परकी बाई आली तरी मुलाच्या पायाखालची जमीन त्याची स्वतःचीच असते. ओळखीच्या जागेवर पाय घट्ट असला, की नव्याकडे हात जातो. चिंचोके, शंख-शिंपले, पानं, काड्या, गोटे, माती हेच साहित्य झालं. मोजायला चिंचोके, रचायला काड्या, हाताला खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक कळायला दगड. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणं, नखं काढणं, आणि मग खेळ. बोर्डीच्या समुद्रकाठी शिंपल्यांना तोटा नव्हता.

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलखात. आणि तिथे ताराबाईंना दादरच्या नेमकं उलटं मूल भेटलं. या मुलाला कुणी कडेवर अडकवून ठेवलं नव्हतं. ते झाडावर चढत होतं, ओढ्यात उतरत होतं, जनावरांमागे रानात जात होतं. पडण्याची भीती त्याला माहीत नव्हती. पण त्याच्यामागे कुणी उभंही नव्हतं. पोट खपाटीला गेलेलं, खरजेने अंग भरलेलं, तापात पडलं तर औषध नाही, चुलीपाशी एकटं, पाण्यापाशी एकटं. दादरच्या मुलाला सुरक्षितता होती, मोकळीक नव्हती. कोसबाडच्या मुलाला मोकळीक होती, सुरक्षितता नव्हती. एकाच बाईने एकाच आयुष्यात ही दोन्ही मुलं जवळून पाहिली, हे मला ताराबाईंच्या चरित्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नुसतं दादर पाहिलेला माणूस म्हणतो, सोडा मुलाला. नुसतं कोसबाड पाहिलेला म्हणतो, सांभाळा मुलाला. दोन्ही पाहिलेल्या बाईला कळलं, की दोन्ही मुलांचा अर्धा-अर्धा वाटा हरवला आहे.

कोसबाडला त्यांनी पुन्हा जागेचाच विचार केला. थोरली मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर तान्हं आहे म्हणून. तर तान्ह्याचं पाळणाघर, मधल्याची बालवाडी आणि थोरलीची प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि त्या रचनेला विकासवाडी हे नाव मिळालं. बहिणीला पाटी मिळाली आणि धाकट्याला हिंडायला राखलेली जागा मिळाली. धाकटा रांगत बहिणीच्या वर्गाच्या दारापर्यंत आला तर येऊ दे. ती दिसते आहे, एवढंच त्याला पुरे असतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत? मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. भावनगरला मांडणी खाली आली, बोर्डीला शाळा अंगणात आली, कोसबाडला ती कुरणात गेली. पन्नास वर्षांत पद्धत बदलत गेली, निकाल एकच राहिला: मुलाला जागेच्या मापाचं करू नका, जागा मुलाच्या मापाची करा, आणि मग हात मागे घ्या, पण नजर मागे घेऊ नका.

१९६२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. मागे अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत कोसबाडचं काम चालवलं. ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांनी किती मुलं जगवली, याचा हिशेब मोठा आहे आणि तो नाकारू नये. कोसबाडच्या मुलाला हरवलेला अर्धा वाटा त्यातून मिळू लागला.

दुसऱ्या अर्ध्याचं काय? तीन वर्षांवरची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात. तीनच्या आतलं, नुकतं चालू लागलेलं मूल तिथे येतं ते बहुधा वजनाच्या दिवशी; त्याच्या वाट्याचा आहार पाकिटातून घरी जातो. खोली बहुतेकदा लहान, पुष्कळ ठिकाणी भाड्याची, आणि पुढे अंगण असेलच असं नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नवचेतना नावाचा आराखडा काढला; या वयाच्या मुलाशी खेळायचं, बोलायचं कसं, हे त्यात महिन्या-महिन्याने सांगितलं आहे. उशिरा का होईना, सरकारी कागदावर धाकटं भावंड आलं. ताईकडे त्यासाठी वेळ आणि जागा येते का, हे आपण पाहायचं आहे.

आणि आपल्या घरातलं अंगण? बँकेत घरकर्जाच्या कागदांबरोबर विश्रामबागेतले कितीतरी नकाशे माझ्या टेबलावरून गेले. १९८५-९० च्या नकाशांत बंगला असे, पुढे मोकळी जागा, एखादा आंबा, तुळस, कुंपण. पुढे त्याच प्लॉटचा नकाशा पुन्हा आला, तो तीन मजली इमारतीचा. अंगणाच्या जागी लिहिलेलं होतं पार्किंग. रहदारीच्या सांगली-मिरज रस्त्यापासून दोन गल्ल्या आत हीच गोष्ट घरोघर झाली. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही. भाऊ वाढले, जागेचे भाव वाढले. पण आता एकाच गल्लीत ताराबाईंची दोन्ही मुलं भेटतात. तिसऱ्या मजल्यावर जाळीमागे दादरचं मूल, आणि शेजारी चालू असलेल्या बांधकामावर, वाळूच्या ढिगापाशी, पाण्याच्या उघड्या हौदाकाठी कोसबाडचं मूल. आई विटा वाहते आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावरही तेच.

तिसऱ्या मजल्यावरच्या आई-बापांनी काय करावं? एका रविवारी सकाळी घरात गुडघ्यांवर रांगावं. गंमत म्हणून सांगत नाही. अडीच फुटांवरून आपलं घर वेगळं दिसतं. खालचे प्लग दिसतात, लोंबणारी इस्त्रीची वायर दिसते, कडेला ठेवलेला गरम चहाचा कप दिसतो, ओढला की सगळं अंगावर येईल असा टेबलावरचा कपडा दिसतो. न्हाणीघरातली भरलेली बादली दिसते. मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि बुडताना आवाज होत नाही. फिनेल, ॲसिड वरच्या कपाटात, कुलपात. आपला मुलूख द्राक्षांचा. ज्यांची बाग आहे त्यांनी फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये, कधीही नाही. आणि ज्या द्राक्षांचा आपल्याला अभिमान, तीच अख्खी द्राक्षं, तसेच शेंगदाणे आणि फुटाणे, चिमुकल्याच्या घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरून द्यावं, दाण्यांचं कूट करावं. खेळण्यातले आणि रिमोटमधले बटणाएवढे सेल गिळले तर आत जाळतात. त्यांची झाकणं स्क्रूने घट्ट असावीत. खाली पार्किंगमध्ये गाडी मागे घेण्यापूर्वी गाडीमागे जाऊन पाहावं.

हे सगळं एकदा झालं, की मग खालचा एक खण मुलाच्या नावाने सोडून द्यावा. त्यात वाट्या, चाळणी, लाकडी चमचे, झाकणं. ते काढील, आपटील, भरील, ओतील. हे त्याचं शिशुविहार. जिना असेल तर दार लावून घ्यावं, पण रोज एकदा ते उघडून, आपण दोन पायऱ्या खाली उभं राहून, त्याला पोटावर सरकत उतरायला शिकवावं. चाकांचा गोल वॉकर घरात आणू नये. त्यात मूल लोंबकळतं, स्वतःच्या तोलावर उभं राहत नाही, आणि जिन्यावरून सुटलं तर सांभाळायला वेळ मिळत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना पांगुळगाडा याहून शहाणा. त्यात मूल आपल्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं, आणि दमलं की हात सोडून मटकन खाली बसतं. तोही जिन्यापासून लांब आणि आपल्या डोळ्यांदेखत.

आणि ते पडलं तर? आधी त्याच्याकडे पाहावं. बहुतेकदा ते रडण्याआधी आपल्याकडे पाहत असतं. लागलं असेल तर जवळ घ्यावं, पोटाशी धरावं. धरून ठेवू मात्र नये. रडं ओसरलं की ते आपणच खाली उतरायला बघेल. बँकेत आम्ही तारणाशिवाय कर्ज देत नसू. मुलावर विश्वास टाकतानाही तारण लागतं, पण ते मुलाकडे मागायचं नसतं. आपण राखलेली जागा आणि आपला शांत चेहरा, हेच ते तारण.

राहिलं खालच्या वाळूच्या ढिगापाशी खेळणारं मूल. त्याच्यासाठी ताराबाईंना पन्नास वर्षं लागली. आपल्याला एवढं करता येईल. इमारत बांधून घेताना ठेकेदाराला पाण्याच्या हौदावर झाकण घालायला आणि एक कोपरा पत्रे लावून मुलांसाठी राखायला सांगावं. त्या मुलाच्या आईला जवळची अंगणवाडी कुठे आहे, ते दाखवावं. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या रेषा आखताना दहा बाय दहाचा एक चौकोन गाड्यांविना सोडावा, तिथे माती टाकावी, आणि फाटकाला कडी लावावी. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचं आणि वाळूच्या ढिगावरचं अशी दोन्ही मुलं तिथे उतरू देत. एखादी आजी कडेला खुर्ची टाकून बसेल. अंगणाला याहून जास्त काही लागत नाही.